‘ताई’ला दुसरा शब्द

“ताई, तुमची घंटा वाजतेय!”

प्रांजल माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. आता आठवलं की हसू येतं, पण त्या दिवशी मी चांगलीच फणकारले होते. मुलुंड पूर्वेला चंदूकाकांच्या पिठाच्या गिरणीत दिवाळीआधीची गर्दी. माझ्या कडेवर भाजणीचा डबा, फोन पर्सच्या तळाशी, आणि गिरणीच्या घरघरीत स्वतःचा आवाजसुद्धा ऐकू येत नव्हता. अशात एक अनोळखी मुलगा कानाशी येऊन हे असलं काहीतरी ओरडला, तर मुंबईतली कुठली मुलगी गप्प बसेल?

“काय म्हणालात?”

“घंटा... म्हणजे फोन! फोन वाजतोय!” तो कानापर्यंत लाल झाला. “सॉरी, म्हणजे... रिंगटोन. ‘मूक घंटेचा पर्वत’ ना? पहिल्या सीझनमधली?”

मी डबा खाली ठेवला. घरात, कामावर, अख्ख्या मुलुंडमध्ये मला आजवर हे वाक्य बोलणारा एकही माणूस भेटला नव्हता. मग मी त्याच्याकडे नीट पाहिलं. उंच, सावळा, लिफ्ट कंपनीचा निळा शर्ट घातलेला. गिरणीजवळ बराच वेळ उभं राहिल्यामुळे त्याच्या दोन्ही भुवया पिठाने पांढऱ्या झाल्या होत्या.

“तुम्ही अगदी त्यातल्या म्हाताऱ्या गुरुजींसारखे दिसताय,” मी म्हटलं.

त्याने भुवयांवरून हात फिरवला. हातालाही पीठच होतं, त्यामुळे कपाळही पांढरं झालं. मला जे हसू फुटलं ते फुटलंच... चंदूकाकांनी गिरणी थांबवून पाहिलं, काय झालं म्हणून.

तर ‘मूक घंटेचा पर्वत’ म्हणजे काय, ते आधी सांगते. ही चिनी अ‍ॅनिमेशन मालिका. एका पर्वतावर साधक राहतात. तलवारीवर उभे राहून उडतात, शंभर-शंभर वर्षं ध्यान लावतात, एकमेकांना चहा पाजतात आणि एकमेकांच्या जिवावरही उठतात. पर्वताच्या माथ्यावर एक घंटा आहे. हजार वर्षं ती वाजलेली नाही. आयुष्यभर मनात दाबून ठेवलेली एक गोष्ट कुणीतरी तिच्यापुढे खरी खरी बोलेल, तेव्हाच ती वाजायची. आणि यान शू नावाचा धाकटा शिष्य आहे, त्याच्या मनात तान यी नावाची त्याची वरिष्ठ शिष्या आहे, पण तो काही बोलत नाही. एक सीझन बोलत नाही, दोन सीझन बोलत नाही. आम्ही वेडे बघत बसलो होतो.

“मी पहिले चार भाग कुठल्यातरी मशीनच्या भाषांतरावर बघितले,” रांगेत तो सांगू लागला. “इंग्रजीत साधकाला ‘कल्टिव्हेटर’ म्हणतात, त्यात त्याचं शेतकरी केलं होतं. ‘हा तीनशे वर्षांचा महान शेतकरी आहे.’ मी वाट बघतोय, हे लोक शेतात कधी जाणार? नुसतेच उडतायत!”

“आणि मग?”

“मग कुणीतरी केलेली मराठी सबटायटल्स सापडली. एकदम झकास. वाचताना वाटतं, कुणीतरी शेजारी बसून सांगतंय. रुचिरा म्हणून कोणीतरी आहे.”

मी भाजणीचा डबा चंदूकाकांच्या हातात दिला, ओढणी सावरली आणि शक्य तितक्या सहज म्हणाले, “मीच ती.”

त्याचं तोंड उघडंच राहिलं. थोडं पीठ तोंडातही गेलं असावं.

तो राहायचा भांडुपला. एवढ्या लांब पीठ दळायला का, तर आईचा हट्ट. वड्यांचं पीठ जाडसर हवं, आणि तसं फक्त चंदूकाकाच दळून देतात असं तिचं ठाम मत होतं. मी मनातल्या मनात त्या न पाहिलेल्या बाईचे आभार मानले.

*

त्याच संध्याकाळी मी त्याला आमच्या ग्रुपमध्ये घेतलं. ‘घंटानाद मित्र मंडळ’ असं नाव होतं. केतन नावाचा एक बोरिवलीचा मुलगा अ‍ॅडमिन होता, आम्ही त्रेचाळीस जण होतो, आणि प्रांजल चव्वेचाळिसावा. दर रविवारी सकाळी नवा भाग यायचा. मी दुपारपर्यंत इंग्रजीवरून मराठी सबटायटल्स करून टाकायचे आणि मग संध्याकाळभर ग्रुपवर प्रतिक्रियांचा पूर. रडके चेहरे, शिव्या, कवितासुद्धा.

ग्रुपचा एक नियम होता, आणि तो माझ्याच एका चुकीतून जन्मला होता.

चिनीत ‘शिजे’ असा शब्द आहे. आपल्याआधी गुरूकडे आलेली मुलगी ती आपली शिजे. वयाने लहान असली तरी शिजेच. इंग्रजीत त्याचं ‘सीनियर सिस्टर’ केलं होतं. मी तेव्हा घाटकोपरला एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर होते. पहिल्या भागाची सबटायटल्स करत होते तेव्हा आत कुणाचं तरी रूट कॅनल चाललं होतं, बाहेर दोन पेशंट माझ्यावर ओरडत होते, आणि मी फारसा विचार न करता टाइप केलं... ‘ताई’. झालं. पहिल्या भागात ताई, म्हणून साठाव्या भागातही ताई. ग्रुपनेही तेच उचललं. जो आधी आला तो दादा, जी आधी आली ती ताई.

म्हणून माझ्यापेक्षा चांगला दोन वर्षांनी मोठा असलेला प्रांजल मला ताई म्हणू लागला.

आधी मजा वाटली. “ताई, कालची सबटायटल्स म्हणजे कहर.” “ताई, गिरणीत कधी?” हो, गिरणीत भेटणं चालूच राहिलं. आमच्या घरी अचानक ज्वारी, नाचणी, बेसन सगळं वरचेवर संपायला लागलं. आई एकदा म्हणाली, “रुचिरा, आपण तिघंच आहोत ना गं घरात?” मी म्हटलं, विकतचं पीठ तब्येतीला वाईट असतं.

प्रांजल उंच इमारतींच्या लिफ्टची देखभाल करायचा. रविवारी त्याची ड्युटी असेल तर बत्तिसाव्या मजल्यावरच्या मशीनरूममध्ये बसून तो भाग बघायचा आणि मला व्हॉइस नोट पाठवायचा. मागे मोटरची घुं-घुं आणि पुढे त्याचा आवाज, “आयशप्पथ ताई! त्याने तिची छत्री जपून ठेवलीय! नव्वद वर्षं! मी मेलो!” मी ती नोट दवाखान्यात, जेवताना, झोपण्याआधी ऐकायचे. अजून माझ्याकडे आहे.

एकदा गिरणीत त्याने मला विचारलं, “ताई, तू कधी कुणाची छत्री जपून ठेवलीयस?”

“माझी स्वतःची टिकत नाही,” मी म्हटलं. “आणि तू?”

“माझ्याकडे तुझ्या डब्याचं झाकण आहे. पहिल्या दिवशी गिरणीत आपल्या झाकणांची अदलाबदल झाली ना... ते अजून माझ्याकडेच आहे.”

“मग दे की परत.”

“देईन,” तो म्हणाला. आणि दिलं नाही.

त्या दिवशी घरी चालत जाताना मला कळून चुकलं की माझं या माणसावर प्रेम आहे. आडवळणाने नाही, सरळ प्रेम. आणि त्याच क्षणी हेही कळलं की तो मला ताई म्हणतो. आपल्याकडे मुलगी ताई झाली की झाली. तिथून मागे फिरायला रस्ता नसतो. आणि हा रस्ता मी माझ्या हातांनी, रूट कॅनलच्या आवाजात, बंद करून ठेवला होता.

तिसरा सीझन आला आणि मालिकेनेही मला चिडवायचं ठरवलं. यान शू तान यीकडे आता उघड उघड भलत्याच नजरेने बघू लागला. जगभरचे चाहते आनंदाने रडत होते आणि आमच्या ग्रुपवर आरडाओरडा. ‘ताईवर प्रेम? शी!’ ‘आई बाजूला बसली होती, तिने टीव्ही बंद केला!’ केतनने लिहिलं, ‘रुचिराताई, एका शब्दाने तू अख्ख्या लव्हस्टोरीची वाट लावलीस यार.’

मी प्रांजलला खासगीत लिहिलं, “शब्द बदलायचा का? तुला काय वाटतं?”

बराच वेळ ‘टाइप करतोय’ दिसत राहिलं. मग उत्तर आलं, “तू ठरव ताई.”

मी फोन गादीवर आपटला.

*

शेवटचा भाग लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी आला. यान शू जखमी अवस्थेत पर्वत चढतो. माथ्यावर ती उभी असते. आम्हा सगळ्यांना खात्री होती, आता हा तिला नावाने हाक मारणार. तो तिच्यासमोर येतो, ओठ हलतात, आणि तो म्हणतो... “शिजे.” तोच शब्द. पण असा म्हणतो, की हजार वर्षांची मुकी घंटा वाजायला लागते.

मी आकाशकंदिलाखाली बसून ढसाढसा रडले. मग सबटायटल्स करायला घेतली, आणि त्या ओळीवर अडकले. तिथे ‘ताई’ लिहिलं असतं तर घंटा वाजली नसती, निखळून दरीत पडली असती. सगळा भाग तयार, एक ओळ कोरी. ग्रुपवर मोर्चा निघायचा बाकी होता.

त्यातच पाडव्याला एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

“रुचिरा मां गो तू? मी सुलक्षणा, प्रांजलची आई. दिवसभर ‘ताई, ताई’ चललला असता त्येचा. बाय माझे, माझ्या झिलाक बहीण नाय. उद्या भाऊबीजेक संध्याकाळी घराक ये. त्येका ओवाळ.”

इतक्या मायेने, तेही मालवणीत, कुणी मला क्वचितच बोलावलं असेल. माझ्या तोंडून “हो मावशी” कधी निघालं ते कळलंसुद्धा नाही. फोन ठेवला आणि प्रांजलला लावला.

“तू काय सांगितलंस घरी?”

“मी काही नाही गं... तीच ऐकते ना रोज. माझ्या फोनमधून तुझा नंबर घेतला, आणि आत्ता मला सांगितलं तिने.”

“मग तिला सांग ना.”

“काय सांगू?”

 

“ठीक आहे,” मी म्हटलं. “मी येणार उद्या. मला भाऊ नाही, दरवर्षी मी चंद्राला ओवाळते. उद्या पाट मांडलेला असेल. तू बसलास, तर मी ओवाळीन, आणि मग आयुष्यभर चांगली ताई होऊन राहीन. खोटं नाही सांगत. बसायचं की नाही, ते तू ठरव... दादा.”

*

भांडुपला डोंगराच्या पायथ्याशी त्यांची इमारत, चौथा मजला. मी मोरपिशी साडी नेसले होते. ज्याच्यासाठी नेसले त्याला ओवाळून घरी यायचं, या विचाराने रिक्षात दोनदा डोळे पुसले.

सुलक्षणामावशी ठेंगण्या, हसऱ्या, केसांत अबोलीचा गजरा. मला बघताच त्यांनी गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. पाटाभोवती रांगोळी होती. ताटात निरांजन, सुपारी, अक्षता, करंजी. सगळं मन लावून केलेलं. एवढ्या वर्षांची बहिणीची हौस त्यांनी त्या एका ताटात मांडली होती. मला अपराधी वाटायला लागलं.

प्रांजल आतून आला. पांढरा झब्बा, ओले केस, डोक्यावर बाबांची काळी टोपी. माझ्याकडे त्याने बघितलं नाही.

“बस रे पाटार,” मावशी म्हणाल्या आणि त्यांनी निरांजन पेटवलं.

तो पाटाजवळ आला. एक पाऊल रांगोळीच्या आत पडलं. माझ्या हातातलं ताट जड झालं. मी ठरवलं, रडायचं नाही. बसला तर बसला. कुंकू लावायचं, हसायचं, करंजी खायची, आणि घरी जायचं.

आणि पर्समधला माझा फोन वाजला. तीच घंटा. केतन असणार, ओळीसाठी. माझ्या दोन्ही हातांत ताट. घंटा वाजतेय, वाजतेय... कुणीच हलेना.

प्रांजलने वर पाहिलं. टोपी काढून हातात घेतली.

“रुचिरा,” तो म्हणाला. “तुझी घंटा वाजतेय.”

अख्ख्या वर्षात पहिल्यांदा त्याने माझं नाव घेतलं होतं. माझं नाव इतकं छान आहे हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

“नावान काय हाक मारतस रे?” मावशी म्हणाल्या. “ताई म्हण.”

“नाय म्हणणार, आये.” त्याने रांगोळीतला पाय मागे घेतला. अंगठ्याला गुलाबी रंग लागला होता. “मी पाटार बसणार नाय.”

“कित्याक?”

त्याने माझ्याकडे बघितलं. मावशींनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या मोरपिशी साडीकडे पाहिलं. आणि स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या वड्यांच्या पिठाच्या डब्याकडे पाहिलं. त्याच्यावर वर्षभर एक भलतंच, बसत नसलेलं झाकण होतं, आणि तो ते काही केल्या बदलू देत नव्हता.

“असां काय,” त्या हळूच म्हणाल्या.

निरांजनाची वात तडतडली. मग मावशी कमरेवर हात ठेवून एकदम मोठ्याने म्हणाल्या, “मगे उभी काय रवलंस? पेटवलेला निरांजन फुकट जावचा नाय. चंद्राक ओवाळ! बेगीन जा गॅलरीत, डोंगराआड जातलो तो!”

गॅलरीत वारा होता. डोंगर काळा होत चालला होता आणि त्याच्या अगदी माथ्यावर, नखाएवढी बीजेची कोर. निरांजन विझू नये म्हणून प्रांजलने दोन्ही तळहातांनी ज्योत झाकली. त्याच्या बोटांमधून उजेड झिरपत होता. मी अक्षता चंद्राच्या दिशेने टाकल्या, ताट तीनदा फिरवलं. आता चंद्र माझा भाऊ होता आणि शेजारी उभा होता तो कुणीही नव्हता... म्हणजे, सगळं काही होता.

“एक विचारू?” मी म्हटलं. “वर्षभर ताई-ताई करत होतास, तेव्हा तुझ्या मनात काय होतं?”

“मी तुला ताई म्हणतच नव्हतो,” तो म्हणाला. “मी शिजे म्हणत होतो. मी वर्षभर चिनीत बोलत होतो गं.”

मला हसू आलं आणि रडूही आलं. “गाढवा, मला चिनी येत नाही! मी इंग्रजीवरून करते!”

“मग आता मराठीत काय म्हणू?”

“तेच तर अडलंय माझं. तो तिच्यासमोर येतो, ओठ हलतात... आणि काय म्हणतो?”

डोंगरापलीकडे चंद्र अर्धा गेला होता. मग तो जरा जवळ सरकला, आणि अगदी हळू, घरातलं माणूस घरातल्या माणसाला हाक मारतं तशी त्याने मारली.

“अगं...”

मी तिथेच, गॅलरीत उभ्या उभ्या, फोनवर ती ओळ टाइप केली आणि भाग ग्रुपवर टाकला. दहाच मिनिटांनी चव्वेचाळीस जणांच्या ग्रुपचा नुसता गजर सुरू झाला. केतनने नुसतं रडण्याचं रेकॉर्डिंग पाठवलं होतं.

“ओवाळलंस मां गो?” मावशी दारात उभ्या होत्या, हातात करंजीची बशी.

“हो मावशी.”

“बरां झाला. तुका भाव नाय, खरां मां? मगे पोरांका मामा होयोच मां कोणतरी. उगाच म्हणतत त्येका चांदोमामा?”

प्रांजलला ठसका लागला. मी पदराचं टोक तोंडात धरून डोंगराकडे बघत राहिले.

*

आता चंदूकाकांच्या गिरणीच्या जागी पत्रे लागलेत, आत टॉवर होतोय. त्यातली लिफ्ट बहुतेक प्रांजलचीच कंपनी बसवेल. मालिका संपली, ग्रुप शांत झाला. दिवाळीला कुणीतरी दिव्याचं चित्र टाकतं, तेवढंच. कधीतरी जुना फोन काढून मी त्या व्हॉइस नोट्स ऐकते. मोटरची घुं-घुं आणि त्यातून, “आयशप्पथ ताई!” त्या शब्दाचा एके काळी मला किती राग यायचा, आणि आता तो कुणी म्हणत नाही म्हणून चुटपुट लागते. डब्याचं झाकण मात्र अजून बदललेलं नाही. आता दोन्ही डबे एकाच फळीवर आहेत, तरीही नाही.

काल भाऊबीज होती. सातवा महिना आहे, वाकायला त्रास होतो, म्हणून गॅलरीत ताट प्रांजलने धरलं आणि मी ओवाळलं. कोर अगदी डोंगराच्या टोकाशी आली होती. आतून सासूबाईंचा आवाज आला, “मामाक नीट ओवाळ गो!”

पोटात एक जोराची लाथ बसली.

“अगं...” प्रांजल घाबरून म्हणाला. “काय झालं?”

“काही नाही,” मी म्हटलं. “मामाला ओळखलं.”